गाळणीत साठलेलं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हवा शुद्ध करणारं यंत्र, म्हणजे एअर प्युरिफायर, विकत घेताना दुकानात आपण काय विचारतो? किंमत किती, केवढ्या खोलीला पुरेल, आवाज फार होतो का, वीज किती खातं. आतला फिल्टर कधी बदलायचा, हा प्रश्न सहसा बिल झाल्यावर सुचतो. त्याचं उत्तरही 'दिवा लागला की बदला' इतक्या चार शब्दांत मिळतं.

दिल्लीच्या घरांत हे यंत्र गेल्या दशकात रुळलं. आपल्याकडे समुद्राचा वारा सगळं वाहून नेतो असा मुंबईकरांचा समज होता. तोही २०२३ साली मोडला. त्या ऑक्टोबरात शहराच्या हवेची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दम्याचा त्रास असलेलं मूल किंवा वयस्कर माणूस घरात असेल, तर आज मुंबई-पुण्यातली बेताच्या मिळकतीची कुटुंबंही काटकसर करून हे यंत्र घेतात. पण त्यातल्या गाळणीचं वय संपलं असेल, तर यंत्राचा दिवा जळतो, पंखा फिरतो आणि हवा जवळपास होती तशीच राहते. पैसे जातात आणि भरवसा मात्र खोटा उरतो.

चहाची गाळणी आपण दर वेळी आपटून धुतो, कारण तिच्यातला चोथा डोळ्यांना दिसतो. हवेच्या गाळणीतला चोथा दिसत नाही. म्हणून ती कधी बदलायची हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. माणसाने हवा गाळायला सुरुवात केली त्याला दोन हजार वर्षं तरी झाली. त्या सगळ्या काळात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला: अडवलेली घाण जाते कुठे?

पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने हिंगुळाच्या कारखान्यांतल्या कामगारांबद्दल लिहून ठेवलं आहे. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज. त्याची विषारी धूळ नाकात जाऊ नये म्हणून हे कामगार जनावराच्या मूत्राशयाची पातळ कातडी चेहऱ्यावर सैलसर बांधत. पुढे १७०० साली बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. अंबाडी, जवस असे तंतू विंचरणाऱ्यांना खोकला आणि दमा कसा धरतो, हे त्यात नोंदलेलं आहे.

हे वाचताना इटली फार दूर वाटत नाही. दारोदार फिरून गाद्या-रजया पिंजून देणारा पिंजारी चाळिशीच्या पुढच्या श्रोत्यांना आठवेल. धनुकलीचा तो घुमणारा आवाज, तोंडाला बांधलेलं फडकं आणि भुवयांवर बसलेला पांढरा कापूस. सूतगिरण्यांत हीच धूळ छातीत जाऊन होणाऱ्या आजाराला वैद्यकशास्त्रात बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर परतलेल्या माणसाची छाती पहिल्याच दिवशी आवळून येते, ही त्याची सुरुवातीची खूण. तोंडावरचं फडकं ही त्या माणसाची गाळणी होती, आणि त्या फडक्याने जे अडवलं नाही त्याची गाळणी त्याचं फुप्फुस होतं.

आता १८५४ सालाकडे येऊ. त्या एका वर्षात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या, आणि आजच्या यंत्रातले दोन वेगळे थर त्या दोन गोष्टींतून आले आहेत. जर्मनीत श्रोडर आणि फॉन डुश या दोघांनी दाखवलं, की उकळलेल्या मांसाच्या रसापर्यंत जाणारी हवा कापसातून गाळून सोडली तर तो रस सहसा नासत नाही. नासवणारं जे काही हवेत असतं, ते कापूस अडवतो. पुढे लुई पाश्चरने हवेतले हे कण गाळणीत धरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्याच १८५४ साली जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने कोळशाची भुकटी भरलेला मुखवटा पुढे आणला. कोळसा दुर्गंधी आणि विषारी वायू धरून ठेवतो, हे त्याने ओळखलं होतं.

कापूस कण अडवतो आणि कोळसा वायू धरतो. एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. घरच्या यंत्रातही कणांचा फिल्टर वेगळा आणि कोळशाचा वेगळा, आणि दोघांचं आयुष्यही वेगळं.

हे दोन्ही एकत्र आणणाऱ्यांत लंडनचे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल होते. धुरात शिरणाऱ्या अग्निशामक जवानांसाठी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एक श्वसनसाधन तयार केलं. ग्लिसरिनमध्ये भिजवलेला कापूस, कोरडा कापूस, कोळशाचे तुकडे, चुना असे त्यात थर होते. आजच्या प्युरिफायरचं झाकण उघडलं तर साधारण हाच संसार दिसतो.

टिंडल यांचा त्याआधीचा प्रयोग तर माझ्या मनात घर करून राहिला आहे. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा झोत सोडला की त्यात तरंगणारे कण चमकतात. कवाडाच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत आपण सगळ्यांनी ते पाहिले आहेत. टिंडल यांनी त्या झोतात आपला श्वास सोडला. श्वासाची सुरुवातीची हवा इतर हवेसारखीच होती. पण श्वासाच्या शेवटी, फुप्फुसाच्या तळातून आलेली हवा जिथे पोचली, तिथे झोतात काळं भोक पडलं. त्या हवेत चमकायला कणच उरले नव्हते. १८७० साली लंडनच्या श्रोत्यांसमोर त्यांनी हे दाखवलं. त्याचा अर्थ सरळ होता. आत गेलेली धूळ बाहेर आली नाही. बरीच धूळ शरीर कफावाटे परत ढकलतं, पण सगळी नाही. जी राहते ती राहते, आणि ही गाळणी कुठल्याही दुकानात बदलून मिळत नाही.

पुढची पानं युद्धाची आहेत. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने क्लोरिन वायू सोडला. त्याच वर्षी रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळशाचा मुखवटा सुचवला. सक्रिय कोळसा म्हणजे विशिष्ट प्रक्रियेने असंख्य सूक्ष्म भोकं पाडलेला कोळसा. वायूचे रेणू त्या भोकांच्या भिंतींना चिकटून बसतात. अमेरिकेत १९१८ साली लोकांना आवाहन केलं गेलं, की पीचच्या कोयी, अक्रोडाची टरफलं फेकू नका, सैनिकांच्या मुखवट्यांसाठी द्या. कठीण कवचाचा कोळसा या कामाला उत्तम. आज यासाठी जगभर आपली नारळाची करवंटी वापरली जाते.

पण भिंती कितीही असल्या तरी त्या कधीतरी भरतात. भरलेला कोळसा नवा वायू घेत नाही, आणि हवा तापली की धरलेला वासही थोडा थोडा परत सोडतो. यंत्र चालू असताना खोलीत शिळा, आंबूस वास येऊ लागला, तर कोळशाचा थर संपला असं समजावं. बाहेरून त्याच्याकडे पाहून काही कळत नाही. काळा तो पहिल्या दिवशीही असतो आणि शेवटच्या दिवशीही.

कणांच्या फिल्टरची गोष्ट दुसऱ्या महायुद्धात पुढे सरकली. वायूच्या मुखवट्यांसाठी विशेष कागद बनू लागले. अमेरिकेत अणुबाँब तयार होत असताना किरणोत्सारी धूळ अडवायला त्याच जातीच्या कागदाचे मोठे फिल्टर लागले. नोबेल मानकरी आयर्विंग लँगम्यूर यांनी अशा गाळणीचं गणित मांडलं आणि एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. सर्वांत बारीक कण पकडणं सर्वांत अवघड असेल, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं.

हवेचा फिल्टर पिठाच्या चाळणीसारखा काम करत नाही. तो करवंदीच्या जाळीसारखा असतो. जड कण वळण घेऊ शकत नाहीत, ते सरळ जाऊन काटक्यांवर आपटतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि कुठेतरी चिकटतात. मधल्या आकाराचे, साधारण ०.३ मायक्रॉनचे, कण वाऱ्याबरोबर वळणं घेत सर्वांत जास्त निसटतात. म्हणून फिल्टरची परीक्षा याच आकारावर घेण्याची पद्धत पडली. या आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या फिल्टरला पुढे 'हेपा' हे नाव मिळालं. खोक्यावर 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' असं लिहिलेलं असेल, तर त्यात ही हमी नसते.

१९५७ च्या शरद ऋतूत महिन्याभराच्या अंतराने दोन अपघात झाले. गाळणी कधी बदलायची हे सांगताना मला हेच दोन अपघात आठवतात.

इंग्लंडमध्ये विंडस्केल इथे अणुभट्ट्यांच्या उंच चिमण्या बांधल्या जात होत्या. बांधकाम पुढे गेलेलं असताना जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी फिल्टर बसवायचा आग्रह धरला. मग ते चिमण्यांच्या डोक्यावरच बसवावे लागले. खर्च वाढला, उशीर झाला, लोकांनी त्याला 'कॉकक्रॉफ्टचा वेडेपणा' असं नाव ठेवलं. १० ऑक्टोबर १९५७ ला एका भट्टीला आग लागल्याचं उघड झालं आणि त्या वेडेपणाने किरणोत्सारी कणांचा मोठा भाग अडवला. पण किरणोत्सारी आयोडिन वायुरूपात होतं. ते फिल्टरमधून निघून गेलं, कुरणांवर उतरलं, गायींच्या दुधात आलं. सुमारे ५०० चौरस किलोमीटरच्या टापूतलं दूध काही आठवडे फेकून द्यावं लागलं. कणांची गाळणी वायूला कामाची नाही, हा १८५४ चाच धडा होता.

त्याच्या महिनाभर आधी, ११ सप्टेंबरला, अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या रॉकी फ्लॅट्स या अण्वस्त्र कारखान्यात आग लागली. तिथल्या फिल्टरनी प्लुटोनियमची धूळ इमानाने अडवून ठेवली होती. हे फिल्टर पेट घेणाऱ्या द्रव्याचे होते. ज्वाळा तिथवर पोचल्या, फिल्टर जळले आणि साठलेलं विष बाहेर सुटलं. फिल्टर घाण नाहीशी करत नाही, एका जागी जमवून ठेवतो. जमवलेलं सांभाळलं नाही, तर तीच जागा धोक्याची होते.

गाळणी कशाची बनवली आहे हेही पाहावं लागतं, हे त्याच दशकाने शिकवलं. अमेरिकेत १९५२ ते १९५६ या काळात केन्ट सिगारेटच्या टोकाला 'मायक्रोनाइट' नावाचा फिल्टर होता. आरोग्याचं रक्षण करणारा म्हणून त्याची जाहिरात होई. त्यात निळं अ‍ॅस्बेस्टॉस होतं. तो फिल्टर बनवणाऱ्या कामगारांपैकी अनेक जण पुढे अ‍ॅस्बेस्टॉसच्या रोगांनी गेले. मुखवट्यांच्या आणि अणुकारखान्यांच्या जुन्या फिल्टर-कागदातही अ‍ॅस्बेस्टॉस असे. नंतर त्याची जागा काचतंतूने घेतली.

आता घरच्या यंत्राकडे येऊ. आजचे बरेचसे फिल्टर कृत्रिम धाग्यांच्या अतिशय बारीक जाळ्याचे असतात आणि त्या धाग्यांवर कायमचा वीजभार चढवलेला असतो. फुग्याला लोकरीवर घासलं की कागदाचे कपटे चिकटतात, तसे कण त्या धाग्यांकडे ओढले जातात. टेनेसी विद्यापीठातल्या पीटर त्साय यांनी १९९० च्या दशकात या पद्धतीवर जे काम केलं, त्यावर करोनाकाळातले एन ९५ मुखवटे उभे होते. या रचनेमुळे हवेला अडथळा कमी होतो. मात्र धूळ बसत जाते तशी वीजभाराची पकड सैल होते, आणि साबण किंवा सॅनिटायझर लागलं तर ती जवळजवळ जातेच. म्हणून हेपा फिल्टर पाण्याने धुऊ नये आणि ब्रशने घासू नये. धुतलेला फिल्टर पांढरा दिसतो, पण त्याचं काम संपलेलं असतं. धुवायची असते ती फक्त सर्वांत बाहेरची जाळी. दोन ते चार आठवड्यांनी ती काढावी, स्वच्छ करावी, पूर्ण वाळवावी आणि मग बसवावी.

हेपा फिल्टर बदलायचा केव्हा? माहितीपुस्तिकेत सहा महिने, वर्ष असं लिहिलेलं असतं. चीनने २०१५ च्या आपल्या मानकात यापेक्षा शहाणं माप आणलं. सिगारेटच्या धुराने परीक्षा घ्यायची आणि यंत्राची हवा साफ करण्याची ताकद निम्म्यावर येईपर्यंत फिल्टरने एकूण किती वजनाची धूळ पकडली ते मोजायचं. त्या मानकात सर्वांत वरच्या श्रेणीला किमान १२ हजार मिलिग्रॅम, म्हणजे १२ ग्रॅम, लागत. फिल्टरचं आयुष्य महिन्यांत मोजण्यापेक्षा त्याने गिळलेल्या धुळीत मोजणं खरं.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. समजा यंत्र तासाला ३०० घनमीटर हवा साफ करतं आणि खोलीतल्या हवेत दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम धूळ आहे. तासाला ३० मिलिग्रॅम धूळ पकडली गेली. १२ ग्रॅम भरायला ४०० तास लागले. रोज दहा तास यंत्र चालवलं, तर ४० दिवस. हवेत २५ मायक्रोग्रॅमच धूळ असेल, तर तोच फिल्टर १६० दिवस जाईल. प्रत्यक्षात बंद खोलीतली धूळ लवकर खाली येते, म्हणून फिल्टर याहून बराच जास्त टिकतो. पण प्रमाण तेच राहतं: हवा चौपट घाण, तर आयुष्य पाव. समोर इमारतीचं बांधकाम चालू असलेलं घर आणि बागेसमोरचं घर, दोघांनी एकच तारीख पाळण्यात अर्थ नाही.

यंत्रावरचा लाल दिवा पुष्कळ वेळा नुसते तास मोजत असतो. फिल्टर किती भरला हे तो पाहत नाही. हवेचा आकडा दाखवणारा सेन्सर खोलीची हवा मोजतो, फिल्टरची तब्येत नाही. म्हणून आपले डोळे-कान उघडे ठेवावेत. यंत्र पूर्ण वेगावर असूनही झोत मंद झाला, आवाज वाढला, पूर्वी अर्ध्या तासात खाली येणारा आकडा आता दीड तास घेऊ लागला, तर दिवा लागायची वाट पाहू नये. आपल्याकडे पावसाळ्यानंतर एकदा झाकण उघडून पाहावंच. साठलेल्या धुळीला ओल लागली की बुरशी धरू शकते. काळे-हिरवे ठिपके किंवा कुबट वास आला, तर फिल्टर महिन्याभराचा असला तरी काढून टाकावा.

बदलताना यंत्राचा प्लग आधी काढावा. नाकाला मास्क बांधावा आणि काम गॅलरीत किंवा उघड्या खिडकीजवळ करावं. जुना फिल्टर हलक्या हाताने बाहेर घेऊन सरळ पिशवीत घालावा आणि तोंड घट्ट बांधावं. तो झटकू नये, आपटू नये. आतला कप्पा ओलसर कापडाने पुसून वाळू द्यावा. नव्या फिल्टरवरचं प्लास्टिक काढलं का, हे पाहावं. कित्येक घरांत ते तसंच राहतं आणि यंत्र महिनोन्‌महिने नुसतं घुमत बसतं. कडेवर हवेच्या दिशेचा बाण असेल तर तो जुळवावा. फिल्टर चौकटीत घट्ट बसायला हवा, कारण बोटभर फट राहिली तरी हवा तिथूनच जाते, तिला सोपा रस्ता आवडतो. शेवटी तास मोजणारं बटण पुन्हा शून्यावर आणावं आणि फिल्टरच्या कडेवर पेनाने तारीख लिहावी.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तिकेत लिहिलेली नसते. हे काम घरात कोण करतं? बहुतेक वेळा धुणीभांडी करायला येणाऱ्या बाई. त्यांना सांगितलं जातं, जरा ही जाळी झटकून आणा. चार महिने आपल्या नाकापासून दूर ठेवलेली धूळ त्या एका क्षणात छातीत घेतात. पुढे तोच उघडा फिल्टर कचऱ्यात जातो आणि कचरा वेचणारी बाई तो हाताने उचकते. हिंगुळाच्या कामगारापासून पिंजाऱ्यापर्यंत आणि मायक्रोनाइटच्या कारखान्यापर्यंत हेच होत आलं आहे. स्वच्छता एकाच्या घरी राहिली आणि धूळ दुसऱ्याच्या छातीत गेली.

शहराची हवा या यंत्राने सुधारत नाही. ती सुधारायची जागा वेगळी आहे, आणि तिथे आपण सगळ्यांनी आवाज करायला हवा. तोवर घरातली गाळणी वेळेवर बदलावी, ती आपल्या हाताने बदलावी आणि जुनी देताना पिशवीची गाठ आपणच पक्की मारावी. पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहावं: धूळ आहे, उघडू नका.